बाकीचे छर्रे कुठे गेले?

अमेरिकेत शिकारीचं सामान विकणाऱ्या दुकानात काडतुसांच्या दोन डब्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. दोन्हींवर ४ हा आकडा छापलेला असतो. एक डबी टर्कीच्या शिकारीसाठी, दुसरी कायोटीच्या. टर्की हा आपल्या मोराच्या गोतावळ्यातला एक मोठा रानपक्षी, आणि कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ. पहिल्या डबीतला छर्रा ज्वारीच्या दाण्याहून किंचित लहान, ३.३ मिलिमीटर व्यासाचा. दुसऱ्या डबीतला वाळल्या वाटाण्याएवढा, ६.१ मिलिमीटरचा. व्यास दुपटीच्या आतच आहे, पण वजन भरतं सहा पटींहून जास्त. पहिला ४ हा पक्ष्यांसाठीच्या छर्ऱ्यांच्या मोजपट्टीतला आणि दुसरा हरणांसाठीच्या. या दुसऱ्या जातीला तिकडे बकशॉट म्हणतात. बक म्हणजे नर हरीण.

मी कवितेतला माणूस. शब्द एक आणि अर्थ दोन, हे आमच्या धंद्यात चालतं. खरं तर त्यावरच आमचा धंदा चालतो. उर्दूत एक नुक्ता वरचा खाली झाला की खुदाचा जुदा होतो, असं गमतीनं म्हणतात. पण काडतुसावरच्या आकड्यात गफलत झाली, तर एखादा जीव अर्धवट जखमी होऊन झुडपात शिरतो आणि तिथे दोन दिवसांनी मरतो. तिथे गंमत उरत नाही. म्हणून या आकड्याचं मला कुतूहल वाटलं आणि त्याच्यामागे जाता जाता तीनशे-साडेतीनशे वर्षांचा इतिहास हाती लागला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आली, आणि ती आली हे फार बरं झालं. पण जुन्या शिकारकथा आपण अजून आवडीनं वाचतो. त्यांत एल.जी., एस.जी. अशी काडतुसांची नावं येतात आणि वाचणारा ती ओलांडून वाघाकडे जातो. वाघाच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आज थोडं त्या छर्ऱ्याविषयी बोलू.

आधी हिशेब समजून घेऊ, तो अवघड नाही. बंदुकीला बारा बोअरची म्हणतात, त्यातले बारा कसले? एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल, ती बारा बोअरची नळी. वीस बोअर म्हणजे पौंडाचे वीस गोळे. म्हणून आकडा वाढला की नळी लहान होते. छर्ऱ्यांचंही असंच उलटं गणित आहे. अमेरिकन पद्धतीत १७ मधून काडतुसावरचा आकडा वजा करायचा. जे उरेल तितके शतांश इंच छर्ऱ्याचा व्यास. ४ नंबर म्हणजे १३ शतांश इंच, ६ नंबर म्हणजे ११, आणि ९ नंबर म्हणजे फक्त ८, जवळजवळ मोहरीएवढा. इंग्रजांची पद्धत निराळी. ते एका औंसात किती छर्रे बसतात यावरून नंबर देतात. त्यामुळे इंग्रजी ६ आणि अमेरिकन ६ हेही एक नव्हेत. इंग्रजी थोडा बारीक.

आता शिकाऱ्यापुढचा पेच पाहा. काडतुसात मावणाऱ्या शिशाचं वजन ठरलेलं असतं. औंसभर शिशात ६ नंबरचे सुमारे २२५ छर्रे बसतात, ५ नंबरचे १७०, ४ नंबरचे १३५, आणि बी.बी. नावाचे जाड छर्रे फक्त ५०. बारीक छर्रे घेतले तर ते दाट जाळ्यासारखे पडतात, पण प्रत्येकाचा जोर कमी. जाड घेतले तर एकेक खोल जातो, पण दोन छर्ऱ्यांमध्ये एवढी जागा सुटते की पक्षी मधून निसटावा. संख्या की जोर, हा तो पेच. जगातल्या सगळ्या छर्ऱ्यांचे नंबर या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

हा छर्रा बनत कसा होता, तेही ऐकण्यासारखं आहे. शिशाचा पत्रा कापून त्याचे तुकडे करायचे आणि ते घोळवून गोल करायचे, ही जुनी रीत. १६६५ साली लंडनच्या रॉबर्ट हूकनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या गोष्टींचं आपलं प्रसिद्ध पुस्तक छापलं. पिसू आणि माशीच्या डोळ्याच्या चित्रांसाठी ते गाजलं. त्यातच प्रिन्स रूपर्टची छर्रे करण्याची कृती दिलेली आहे. वितळलेल्या शिशात आर्सेनिकयुक्त हरताळ घालायचा आणि ते भोकाभोकांच्या भांड्यातून पाण्यात पाडायचं. आर्सेनिकमुळे थेंब शेपटी न काढता गोल होतो. तरी भांडं आणि पाणी यांच्यात अंतर थोडं, त्यामुळे सगळेच दाणे काही नीट उतरत नसत.

हे अंतर वाढवलं ब्रिस्टल शहरातल्या विल्यम वॉट्सनं. तो प्लंबर होता, शिशाचं काम करणारा. त्याच्याविषयी अशी दंतकथा आहे, की आकाशातून शिशाचा पाऊस पडतोय असं स्वप्न पडलं आणि त्यातून त्याला युक्ती सुचली. स्वप्नाचं सोडा, पण त्यानं राहत्या घरावर मनोरा चढवला, घराखाली खड्डा नेला आणि वरून चाळणीतून वितळलेलं शिसं सोडलं. पडता पडता प्रत्येक थेंब आपोआप गोल झाला आणि खालच्या पाण्यात पडून थिजला. पावसाचा थेंब ज्या ताणानं गोल होतो, त्याच ताणानं शिशाचाही झाला. १७८२ साली त्याला पेटंट मिळालं. पुढे त्यातून आलेला पैसा त्यानं इमारती बांधण्यात घातला आणि तो बुडाला. त्याचं मनोऱ्याचं घर मात्र १९६८ पर्यंत उभं होतं. मग रस्ता रुंद करताना ते पाडलं.

वॉट्सनंतर मनोऱ्यांची रांगच लागली. अमेरिकेनं १८०७ साली परदेशी व्यापारावर बंदी घातली, बाहेरून छर्रे येईनात, तेव्हा फिलाडेल्फियात १८०८ साली १४२ फूट उंच मनोरा उभा राहिला. बाल्टिमोरचा १८२८ चा मनोरा २३४ फुटांचा. त्याची कोनशिला चार्ल्स कॅरोलनं बसवली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एकानं. तो अनेक वर्षं त्या देशातली सर्वांत उंच इमारत होता. हे दोन्ही मनोरे आजही उभे आहेत. वरून पडलेले दाणे उतरत्या फळीवरून सोडत. जो पुरता गोल तो सरळ जाई, जो वाकडा तो बाजूला कलंडे आणि पुन्हा कढईत जाई. मग एकाखाली एक चाळण्या लावून नंबर वेगळे करत. आपल्या घरात आई-बहिणी रवा आणि मैदा चाळून वेगळा करत, तसंच.

फिलाडेल्फियाच्या मनोऱ्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. थॉमस स्पार्क्सबरोबर त्या धंद्यात जॉन बिशप नावाचा एक भागीदार होता. तो क्वेकर पंथाचा; या पंथाला युद्ध मान्य नाही. शिकाऱ्यांसाठी छर्रे करण्यात त्याला अडचण नव्हती. पण १८१२ साली इंग्लंडशी युद्ध सुरू झालं आणि मनोऱ्याला लढाईच्या मालाचं काम आलं. तेव्हा बिशपनं आपला हिस्सा भागीदाराला विकला आणि तो बाहेर पडला. शिसं तेच होतं, चाळणीही तीच. पण आपण पाडलेला थेंब पुढे कुठे जाऊन लागणार, हे त्यानं विचारलं. या सगळ्या इतिहासात हा प्रश्न विचारणारी माणसं फार थोडी भेटतात.

आता टर्कीकडे येऊ. हा पक्षी मूळचा अमेरिकेतला, पण त्याची आणि आपली ओळख चारशे वर्षांची आहे, आणि ती गोव्यामार्गे झाली. १६१२ साली जहांगीर बादशहाच्या हुकमावरून मुकर्रबखान गोव्याच्या पोर्तुगीजांकडून नाना दुर्मीळ वस्तू घेऊन आला, त्यात हा पक्षी होता. पोर्तुगीज त्याला पेरू म्हणतात. मराठीत पेरू म्हटलं की फळच डोळ्यांपुढे येतं, तो भाग वेगळा. जहांगीरनं आपल्या आठवणींत त्याचं बारीक वर्णन केलं आहे. त्याचं डोकं आणि मान क्षणाक्षणाला रंग बदलतात, कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, कधी फिरोज्यासारखी निळी, अगदी सरड्यासारखी, असं तो सांगतो. उस्ताद मन्सूरनं काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

हाच जहांगीर पट्टीचा शिकारी होता आणि हिशेबाचाही पक्का. वयाच्या बाराव्या वर्षापासून राज्यारोहणाच्या अकराव्या वर्षापर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरं मारली गेली आणि त्यातली १७,१६७ आपण स्वतः मारली, असा आकडा त्यानं लिहवून ठेवला आहे. त्या यादीत हरणं आहेत, वाघ आहेत, कबुतरंही आहेत. पण नीट पाहिलं तर ती यादी पडलेल्या सावजांची आहे. जखमी होऊन निसटलेल्यांची नाही, आणि हुकलेल्या बारांची तर नाहीच. जगातल्या शिकाऱ्यांच्या सगळ्या वह्या अशाच असतात.

मन्सूरनंतर दोनशे वर्षांनी अमेरिकेत जॉन जेम्स ऑड्युबॉननं आपल्या पक्ष्यांच्या भव्य चित्रसंग्रहात पहिलंच चित्र रानटर्कीचं घातलं. ऑड्युबॉन पक्षी मारून, तारांनी उभे करून मग चित्र काढायचा. पिसं फाटू नयेत म्हणून त्यासाठी बारीक छर्रे लागत. तेव्हा छर्ऱ्याचा नंबर निवडण्यामागे चित्रकाराचंही गणित असू शकतं. आपल्याकडेही पक्षी अभ्यासाला गोळा करणारे लोक धुळीसारखा बारीक छर्रा वापरत.

शिकाऱ्याचं गणित मात्र वेगळं. उडत्या पक्ष्यावर बार टाकतात तसा टर्कीवर टाकत नाहीत. वसंतात नर टर्की मादीला साद घालतो. शिकारी झाडाला पाठ टेकून, हालचाल न करता बसतो, मादीचा आवाज काढतो आणि नराला जवळ बोलावतो. तो पिसारा फुलवून आला की अंगावर नेम धरायचा नसतो. अंगावर दाट पिसं, छातीला जाड मांस आणि हाडं. छर्रे तिथे अडकतात आणि पक्षी जखमी होऊन पळतो. नेम धरायचा तो डोक्यावर आणि मानेवर. हे लक्ष्य अगदी छोटं आणि सतत हलणारं. म्हणून इथे जोरापेक्षा संख्या महत्त्वाची. शिशाचे ४, ५ किंवा ६ नंबरचे छर्रे त्यासाठी ठरून गेले. शिकाऱ्यांचा एक जुना ठोकताळा असा: ज्या अंतरावरून बार टाकायचा, तिथे कागद लावून आधी बार टाकून पाहावा. दहा इंचांच्या वर्तुळात शंभर छर्रे मोजून भरले तर ते अंतर आपलं. भरले नाहीत तर पुढे सरकावं, नाहीतर पक्षी सोडून द्यावा. बहुतेकांच्या बाबतीत हे अंतर चाळीस यार्डांच्या पलीकडे जात नाही.

१८६०-७० च्या सुमारास नळीचं तोंड किंचित आवळण्याची युक्ती निघाली, तिला चोक म्हणतात. पाण्याच्या नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं की धार लांब जाते, तसंच काहीसं. त्यानं छर्ऱ्यांचं जाळं दाट राहतं. पण अंतराची शिस्त त्यामुळे सुटत नाही.

जाड छर्रे टर्कीला का नकोत, याला दुसरंही एक कारण आहे, आणि ते माणसांचं आहे. वसंताच्या जंगलात झाडाच्या रंगाचे कपडे घालून अनेक शिकारी बसलेले असतात आणि सगळेच टर्कीचा आवाज काढत असतात. आवाजाच्या रोखानं, पुरतं न पाहता बार टाकला गेला आणि माणूस जखमी झाला, असं घडत आलं आहे. जाड छर्रा लांब जातो आणि खोल शिरतो. म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी टर्कीसाठी किती जाड छर्रा चालेल, याची मर्यादा कायद्यानं ठरवली आहे. नवशिक्यांना शिकवताना आणखी एक गोष्ट बजावतात: लाल, पांढरा किंवा निळा रुमालसुद्धा जवळ ठेवू नका, कारण नर टर्कीचं डोकं त्याच तीन रंगांचं असतं. जहांगीरनं आग्र्यात बसून टिपलेले तेच हे तीन रंग. तिथे ते कौतुकाचे होते, इथे ते जिवावर बेततात.

एकोणिसाव्या शतकात जंगलं तोडली गेली, बाजारासाठी वाटेल तशी शिकार झाली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रानटर्की जवळजवळ नामशेष होण्याच्या वाटेवर होता. अनेक राज्यांतून तो पुरता गेला होता. १९३७ साली तिथे एक कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला द्यायचा, असा तो कायदा. पाळलेले टर्की रानात सोडून पाहिले, ते जगले नाहीत. मग १९५० च्या दशकात रानातले पक्षी जाळी उडवून धरायचे आणि ओस पडलेल्या रानांत नेऊन सोडायचे, ही पद्धत यशस्वी झाली. आज तिथे साठ लाखांच्या आसपास रानटर्की आहेत. ज्या काडतुसानं तो मारला जातो, त्याच काडतुसाच्या करातून तो परत आला. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच घडलं.

कायोटीची गोष्ट नेमकी उलटी. टर्की हवाहवासा, कायोटी नकोसा. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून आलेलं हे नाव. मेंढ्या आणि वासरं खातो म्हणून सरकारनंच त्याच्याशी वैर धरलं. १९३१ साली उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त करण्याचा खास कायदा झाला. सापळे, बंदुका आणि त्याहून जास्त विष, असा मारा कित्येक दशकं चालला. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी संघराज्याच्या जमिनींवर असं विष वापरायला मनाई केली. योगायोग असा, की आपला कायदाही त्याच वर्षीचा. एवढं सगळं होऊन कायोटी कमी झाला का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मुख्यतः पश्चिमेकडच्या माळरानांवर होता. लांडगा माणसानं संपवला, त्याची रिकामी जागा कायोटीनं घेतली आणि आज तो अलास्कापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत आहे. शिकागोसारख्या शहरातही तो मुक्कामाला आहे.

त्याच्यासाठी छर्रा निवडताना टर्कीचं सगळं गणित पालटतं. दहा ते वीस किलोचा प्राणी, दाट केस, चामडं, बरगड्या. इथे छर्रा हृदयापर्यंत, फुप्फुसांपर्यंत पोचला पाहिजे. टर्कीचा ४ नंबर इथे नुसता कातडीखाली रुततो. कायोटी ओरडून पळतो आणि पुढचे कित्येक दिवस ती जखम घेऊन जगतो किंवा मरतो. म्हणून बी.बी., टी., किंवा बकशॉटमधला ४ नंबर. सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन डब्यांमधला फरक हा असा आहे.

आणि इथेच एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. टर्कीचा बार टाकणारा माणूस दहा इंचांच्या वर्तुळात छर्रे मोजत बसतो, कारण तो पक्षी त्याच्या ताटात यायचा असतो. कायोटी उपद्रवी ठरलेला. त्याच्यासाठी इतकी काळजी घेणारे शिकारी आहेत, पण हाताला लागेल ते काडतूस भरून बार काढणारेही आहेत. आपण कुणाला शत्रू म्हटलं की त्याला वेदना होतात हे विसरणं सोपं जातं. हे काही फक्त कायोटीपुरतं खरं नाही.

आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांत पूर्वीच्या शिकारीच्या गोष्टी निघाल्या, की बंदुकीइतकंच सुरीचंही नाव निघे. छर्रा लागून पडलेला पक्षी, त्याच्यात जीव आहे तोवर, बिस्मिल्ला म्हणून हलाल करायचा. छर्ऱ्यानंच मेला तर तो खाता येत नसे. म्हणून बार टाकणाऱ्याबरोबर सुरी घेऊन धावणारा एक पोरगा असे. वडीलधारे सांगत, पोराला धावून गाठता येणार नाही इतक्या लांबचा बार टाकू नये. चाळीस यार्ड काय किंवा पोराची धाव काय, सांगणं एकच. आपण केलेली जखम आपल्याला गाठता आली पाहिजे.

आता शीर्षकातला प्रश्न. दोन औंसाच्या काडतुसात ५ नंबरचे ३४० छर्रे असतात. त्यातले शंभर त्या दहा इंचांच्या वर्तुळात भरले की शिकारी समाधानी होतो. मग बाकीचे दोनशे चाळीस कुठे गेले?

ते जमिनीवर पडले. शेतात, गवतात, तळ्याच्या काठाला, दलदलीत. वर्षानुवर्षं, लाखो काडतुसांमधून. ते शिशाचे होते आणि शिसं कुजत नाही.

१८९४ साली जॉर्ज बर्ड ग्रिनेल या निसर्गप्रेमी संपादकानं अमेरिकेत लिहिलं, की शिकारीच्या तळ्यांवर बदकं शिशाच्या विषबाधेनं मरताहेत. त्यांना बार लागला नव्हता. पक्ष्यांना दात नसतात. दाणे दळायला ते बारीक खडे गिळतात आणि पोटाच्या पिशवीत ठेवतात. चिखलातला छर्रा त्यांना खड्यासारखाच वाटला. पिशवीत तो झिजला, शिसं रक्तात उतरलं, पंख लुळे पडले. एखाददुसरा छर्राही एका बदकाला पुरतो. १९५९ साली इलिनॉयच्या फ्रँक बेलरोजनं मोठा अभ्यास करून अंदाज मांडला: उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दर वर्षी दोन ते तीन टक्के पक्षी अशा विषबाधेनं मरतात. म्हणजे हुकलेला बार हुकलेलाच नव्हता. त्याला लागायला वेळ लागला एवढंच.

ग्रिनेलच्या लेखापासून कायदा व्हायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. १९९१ साली अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छर्रा देशभर बंद झाला. कॅनडात १९९९ साली झाला. युरोपीय संघात पाणथळ जागी २०२३ पासून बंदी आहे. शिशाच्या जागी पोलाद आलं. पोलाद हलकं, त्यामुळे त्याच आकाराच्या छर्ऱ्याचा जोर कमी. मग शिकाऱ्यांनी नंबर दोन घरं खाली आणला: जिथे शिशाचा ६ तिथे पोलादाचा ४. बंदीनंतर केलेल्या एका अभ्यासात असा अंदाज निघाला, की एकट्या १९९७ साली सुमारे चौदा लाख बदकांचे जीव वाचले.

टर्की आणि कायोटी मात्र कोरड्या जमिनीवरचे. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शिसं आजही चालतं. कॅलिफोर्नियात २०१९ पासून सर्वच शिकारीला त्याची बंदी आहे, आणि त्यामागे कंडोर हा गिधाडाच्या जातीचा भव्य पक्षी आहे. १९८२ साली जगात अवघे २२ कंडोर उरले होते. मेलेल्या जनावरांतून पोटात जाणारं शिसं हे त्यांच्या मरणाचं मोठं कारण ठरलं. मारलेला टर्की घरी नेतात. मारलेला कायोटी पुष्कळदा तिथेच टाकतात. मग त्याच्यावर गरुड उतरतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३८ राज्यांतले १,२१० गरुड तपासले होते. त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या शरीरात दीर्घकाळ साचलेलं शिसं निघालं. टक्कल्या गरुड हा अमेरिकेचा राष्ट्रीय मानाचा पक्षी. कोल्ह्यावर टाकलेला बार गरुडाला लागला. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं गिधाडं संपत आणली, ती गोष्ट आपण विसरलेलो नाही.

अलीकडे टर्कीसाठी टंगस्टनचे छर्रे निघाले आहेत. शिशाच्या दीडपट जड. त्यामुळे मोहरीएवढा ९ नंबरही टर्कीला पुरतो, जो शिशात कुणी मनातही आणला नसता. महाग आहेत म्हणून सगळ्यांना परवडत नाहीत. पण साडेतीनशे वर्षांनी त्या जुन्या पेचाला, संख्या की जोर, नवं उत्तर मिळतं आहे एवढं खरं.

मी बंदूक हाती घेणार नाही आणि आपल्यापैकीही कुणी घ्यावी असं मला वाटत नाही. तरी त्या दोन डब्यांवरचा ४ मला बरंच काही शिकवून गेला. नेम धरणारा माणूस फक्त लागलेले छर्रे मोजतो. जहांगीरची वही तशी, आपल्या सगळ्यांच्या वह्या तशाच. बोललेल्या शब्दांचंही असंच असतं. शंभर जिथे लागायचे तिथे लागतात आणि आपण खूश होतो. उरलेले दोनशे चाळीस कुठल्या तळ्याच्या काठी पडले आणि कुणी ते दाणे समजून टिपले, हे पाहायला आपण थांबत नाही. ब्रिस्टलच्या वॉट्सनं थेंब गोल कसा होतो ते शोधलं. फिलाडेल्फियाच्या बिशपनं तो कुठे जाऊन पडेल ते विचारलं. पहिल्याला पेटंट मिळालं. दुसऱ्याच्या वाट्याला फक्त धंदा सोडणं आलं. पण आज शिकारी, शास्त्रज्ञ आणि सरकारं जी वही नव्यानं मांडताहेत, ती बिशपच्या प्रश्नाचीच आहे.